एकहुन्नरी

"पुढच्या रविवारपासून मी येत नाही, सुंदरी," अलमेलू म्हणाली आणि लगेच वाकून चपला शोधू लागली.

सुंदरीने आपल्यामागे दार ओढून घेतलं. आत रघूत्तमला ऐकू जायला नको होतं. ती अलमेलूबरोबर रस्त्यावर आली. आडी महिन्याचा, आषाढ-श्रावणातला वारा सुटला होता, रामस्वामी कोविलच्या, देवळाच्या कोपऱ्यावर धुळीचे लोट उठत होते. अलमेलूच्या घराकडे जाणारी चोळपुरमची बस यायला अजून वेळ होता. अलमेलू इथं कुंभकोणमात एका औषधांच्या दुकानात कामाला होती. रविवारी दुकान बंद असायचं, तरी गेली तीन वर्षं ती रविवारीही बस धरून गावात येत होती, ती फक्त या खेळासाठी.

"काय झालं ते तरी सांग."

"मी तिथं येऊन काय करते तेच मज कळत नाही. चोर आले की मारनचा बाण. वाघ आला की मारनचा बाण. किल्ल्याचं दार बंद, तर साखळीवर मारनचा बाण. चार महिन्यांत मी टाकलेल्या फाशाने एक काम झालं नाही. आम्ही बसून वाहवा करायची. शामसुंदर मे महिन्यातच कंटाळून गेला. मी तुझ्यासाठी राहिले."

"तू गेलीस तर रघुबरोबर एकटा महालिंग उरतो. दोघांना घेऊन खेळ होत नाही."

"ठाऊक आहे."

"आणि खेळ बंद पडला तर रघु..."

"तेही ठाऊक आहे," अलमेलू म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "म्हणूनच चार महिने आले ना?"

"मज तीन रविवार दे. नियमातच चूक आहे. मी ती काढते."

बस आली. अलमेलूने पायरीवर पाय ठेवला आणि वळून म्हणाली, "तीनच."

रघूत्तम सुंदरीचा धाकटा भाऊ. त्याचं वय सव्वीस, तिचं तेहेतीस. कॉलेजात असताना कॅरम खेळणाऱ्यांत त्याच्या बोटांचा बोलबाला होता. तंजावरपर्यंतचे लोक त्याचा नेम बघायला येत. दुसऱ्या वर्षाला तो जिन्यावर दोनदा पडला, मग सपाट रस्त्यावर पडला. मद्रासच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्नायू झिजण्याचा रोग आहे, औषध नाही. आधी पाय जातील, मग हात, मग मान, शेवटी श्वास. कधी, ते सांगता येत नाही. वडील नव्हते. आई मीनाक्षीबाई आणि मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी सुंदरी, दोघींनी मिळून त्याला सांभाळायचं होतं.

अठ्ठ्याऐंशी साली चुलतभाऊ व्यंकटरमण अमेरिकेहून सुट्टीला आला. त्याने एक खोका आणला होता. आत तऱ्हेतऱ्हेचे फासे होते, त्यांतला एक तर वीस बाजूंचा, आणि नियमांचं जाड पुस्तक. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने सूत्रधार व्हायचं आणि गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. काम जमेल की नाही याची शंका आली की फासा टाकायचा. या खेळाला पाय लागत नव्हते, हातही फारसे लागत नव्हते. रघूत्तमने ते पुस्तक चार दिवसांत वाचून काढलं. सुंदरीने नियम एका लांब वहीत घरातल्या तंजावरी मराठीत उतरवले, बर्फाचे डोंगर काढून कावेरीचं खोरं घातलं आणि ती सूत्रधार झाली.

नियम सोपे होते. दहा हुन्नरं: पोहणं, घोडा, कुस्ती, धनुष्य, चढणं, बोलणं, औषध अशी. प्रत्येक खेळाडूला वीस गुण मिळायचे, ते त्याने दहांत हवे तसे वाटायचे. वीस बाजूंचा फासा टाकायचा, जो आकडा पडेल त्यात आपले गुण मिळवायचे. साध्या कामाला बेरीज दहा लागे, अवघड कामाला पंधरा, फारच अवघड कामाला वीस. अलमेलू नावाडीण झाली, महालिंग मल्ल झाला, तिरुविडैमरुदूरचा शामसुंदर भाट झाला. प्रत्येकाने पाच-सहा गुण आपल्या मुख्य कामात घातले आणि उरलेले इकडेतिकडे.

पण पुस्तकात एक जादा नियमही होता. कोणी आपलं हुन्नर अगदी अरुंद करून घेतलं, म्हणजे सगळी शस्त्रं सोडून फक्त धनुष्यच धरलं, तर त्यातला प्रत्येक गुण दुप्पट मोजायचा. एका हुन्नरात दहापेक्षा जास्त गुण घालता येत नसत. रघूत्तमने दहा गुण धनुष्यात घातले, दहा लांबचं बघण्यात. दोन्ही दुप्पट. त्याच्या धनुर्धराचं नाव मारन. मारनला पोहता येत नव्हतं, घोड्यावर बसता येत नव्हतं, बाजारात भाव करता येत नव्हता. पण धनुष्यात त्याचे वीस गुण होते आणि फाशावर कमीत कमी एक तर पडतोच. बेरीज एकवीस. मारनचा बाण चुकणं शक्यच नव्हतं.

पहिली दोन वर्षं सगळ्यांना त्याची मजा वाटली. मग रघूत्तमला ते फार आवडू लागलं. दुसरा कोणी बोलायच्या आतच तो म्हणायचा, "मारन बाण लावतो." शामसुंदर एकदा वैतागून म्हणाला, "अरे, मला त्या पहारेकऱ्याशी बोलून तरी बघू दे." त्यावर रघूत्तम म्हणाला, "बोल ना. मेलेल्याशी बोल." सगळे हसले, शामसुंदर हसला नाही.

पहिल्या रविवारी सुंदरीने आकडे वाढवले. राक्षसाच्या कातड्याला बाण किंवा घाव लागायला आता बेरीज तीस हवी होती. मारनला ते निम्म्या वेळी जमत होतं. पण महालिंगच्या मल्लाचे गुण सहा. फाशावर वीस पडले तरी सव्वीसच. त्याला तो राक्षस जन्मात लागला नसता. तीन वेळा फासा टाकून झाल्यावर महालिंगने तो शांतपणे मेजावर ठेवला. महालिंग स्वामीमलैच्या एका ओतशाळेत मूर्तींचं काम करायचा, चाळिशीचा, कमी बोलणारा तमिळ माणूस. तो घरात असला की सगळे तमिळमध्ये बोलत. "टीचर," तो म्हणाला, "हा राक्षस माझ्यासाठी नाही."

दुसऱ्या रविवारी तिने सगळ्यांना गुहेत नेलं. काळोख, अरुंद वाट, पाणी. बाण लावायला जागा नाही, लांबचं बघायला लांब काही नाही. अलमेलू खुलली. तिने दोर बांधले, होडी ओढली, फासे टाकले, हरली, जिंकली. सुंदरीला वाटलं, जमलं. तीन तासांनी तिने रघूत्तमकडे पाहिलं. तो अर्ध्या तासापासून एक शब्द बोलला नव्हता.

सुंदरी रात्रीचं जेवण भरवत असताना तो म्हणाला, "अक्का, तू मज पेटीत घातलंस."

"गुहा होती, रघु. गोष्टीत गुहा येतेच."

"मारनला सगळे उचलून नेत होते. पाण्यातून खांद्यावरून. तू मुद्दाम केलंस."

तिने पुढचा घास कालवला. मुद्दाम केलंच होतं.

राहिला एक रविवार. तो आठवडा सुंदरी धड झोपली नाही, धड जेवली नाही. शाळेत मधल्या सुट्टीत ती शिक्षकांच्या खोलीत कोपऱ्यात बसून फासा टाकायची आणि कागदावर खुणा करायची. दोनशे वेळा, तीनशे वेळा. गुण दुप्पट करण्याऐवजी दीडपट केले तर? मारनचं वेगळेपण उरत नाही. बाणच मोजके दिले तर? रघूत्तम एक बाण जपून ठेवील आणि शेवटच्या क्षणी तोच मारील, बाकीचे पुन्हा बघत बसतील. एका बाईंनी विचारलं, "पेपर काढताय का?" सुंदरी हो म्हणाली.

गुरुवारी तिला सापडलं. गणित इतकं सुरेख जुळलं की तिने हर्षाने मेजावर मूठ आपटली. पहिल्या बाणाला मारन सगळ्यांत श्रेष्ठ, चौथ्या-पाचव्याला बाकीच्यांच्या बरोबरीला, सहाव्याला त्यांच्याही खाली. म्हणजे त्याने बाण कधी मारायचा याचा विचार करायला हवा, आणि मधला वेळ बाकीच्यांचा. कोणाचाच अपमान नाही. तिने वहीत स्वच्छ अक्षरात नियम लिहिला, तांबड्या शाईने अधोरेखित केला, आणि रविवारची वाट बघू लागली.

रविवारी दुपारी अलमेलू आली, महालिंग आला. रघूत्तमला खुर्चीत उशा लावून बसवलं. फासा आता त्याला टाकता येत नव्हता, म्हणून महालिंगने त्याच्यासाठी पितळेची लहानशी उतरती पन्हळ करून आणली होती. बोटाने ढकललं की फासा त्यातून घरंगळत मेजावर पडायचा. सुंदरीने वही उघडली आणि मोठ्याने वाचलं.

"एकहुन्नरी माणसाचा नियम. प्रत्येक नेमानंतर धनुर्धराचा हात थकतो. दर बाणामागे धनुष्याचे चार गुण कमी धरावे. विश्रांतीनंतर त्यांतले तीनच परत येतात. हातातलं गेलेलं बळ पूर्ण भरून येत नाही."

वाचून होईपर्यंत तिला कळलं नव्हतं. शेवटचा शब्द तोंडातून निघाला आणि तिने मान वर केली, तेव्हा अलमेलू तिच्याकडे बघत होती आणि महालिंग खाली बघत होता. रघूत्तमचे दोन्ही हात मेजावर पडले होते, जसे दुसऱ्याने ठेवावे तसे.

"अक्का," तो म्हणाला, "पुन्हा वाच."

"रघु, मी..."

"पुन्हा वाच. मज नीट ऐकू आलं नाही."

तिने पुन्हा वाचलं. शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. न वाचून चालणार नव्हतं.

"गणित चोख आहे," रघूत्तम म्हणाला. "चूक काढायला जागा नाही. महालिंग, मला आत नेऊन निजव."

त्या दिवसापासून त्याने बोलणं टाकलं. सोमवारी दोन घास खाल्ले, मंगळवारी एक, बुधवारी तोंड उघडलं नाही. मीनाक्षीबाई ताकभात कालवून खाटेजवळ बसून राहिल्या, "राजा, एक घास, माझ्यासाठी," असं म्हणत राहिल्या. तो भिंतीकडे बघत होता. संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात आल्या आणि ताट सुंदरीच्या समोर आपटलं.

"तुज काय हवं होतं?" त्या ओरडल्या. "त्याच्याजवळ एक गोष्ट होती. पोराजवळ एकच गोष्ट होती! तीही तुज बघवली नाही?"

"अम्मा, मी खेळ वाचवायला..."

"खेळ! जाळ ती वही. आधी जाळ."

सुंदरी उठली, वही घेऊन चुलीजवळ गेली आणि तिथंच खाली बसली. तिला वही जाळता येईना आणि मागेही येता येईना. अम्मा तिच्याकडे पाठ करून रडत होत्या.

गुरुवारी तिने शाळेला सुट्टी टाकली आणि स्वामीमलैची बस धरली. का जातेय हे तिला ठाऊक नव्हतं. घरात दुसरं कोणी विचारायला नव्हतं एवढंच. ओतशाळेत धूर होता, मेणाचा आणि तापलेल्या मातीचा वास होता. महालिंग पडवीत मांडीवर एका मूर्तीचा तळहात घेऊन बारीक छिन्नीने बोटांची पेरं काढत होता. तिला बघून त्याने काम थांबवलं नाही.

"जेवला का?"

"चार दिवस नाही."

तो छिन्नी मारत राहिला. सुंदरी बोलायला लागली आणि मग थांबताच येईना. आकडे वाढवले ते सांगितलं, गुहा सांगितली, दीडपट सांगितलं, मोजके बाण सांगितले. "मी सगळं करून बघितलं, महालिंग. कमी केलं तर तो मरतो, तसंच ठेवलं तर सगळे जातात. तुम्ही इतकी वर्षं हातच घडवता, दुसरं काही करत नाही. मेणाचं काम करणारा माणूस वेगळा, ओतणारा वेगळा. तुमच्यात हे कसं जमतं ते तरी सांगा."

"आमच्यात काही जमत नाही," महालिंग म्हणाला. "मेणाचा माणूस आजारी पडला की मी आठ दिवस माशा मारतो. तुम्हाला माझ्याकडून नियम हवा असेल तर नाही माझ्याकडे." मग त्याने मूर्तीचा हात बाजूला ठेवला. "एक विचारू, टीचर? तुम्ही एवढं सगळं केलंत. तंबीला, तुमच्या भावाला, विचारलंत का?"

"काय विचारायचं?"

"तेच, जे मला विचारायला बस धरून आलात."

सुंदरी पडवीच्या पायरीवर बसली.

"डॉक्टर त्याच्या डोक्यावरून आईशी बोलतात. तुम्ही त्याच्या डोक्यावरून फाशाशी बोललात," तो म्हणाला. तो रागावला होता हे तिला तेव्हा समजलं. "पुस्तक सगळ्यांत आधी त्याने वाचलं होतं."

परतीच्या बसमध्ये तिने खिडकीला डोकं टेकलं होतं. शेजारच्या बाईने पाणी हवं का म्हणून विचारलं.

घरी आल्यावर ती हातपाय न धुता सरळ रघूत्तमच्या खाटेजवळ गेली. वही त्याच्या छातीवर ठेवली.

"मज येत नाही," ती म्हणाली. "मी हरले. अलमेलू जाणार. महालिंग रागावला आहे. अम्मा माझ्याशी बोलत नाही. मज आणखी एकही युक्ती सुचत नाही, रघु. तूच कर. नाहीतर जाळ म्हण, मी जाळते."

तो भिंतीकडे बघत राहिला. मग चार दिवस न वापरलेल्या आवाजात म्हणाला, "आतां कशास?"

"कारण मज काय वाचवायचं आहे तेच मज ठाऊक नाही. मारनला तू असा कशास केलास?"

त्याने मान तिच्याकडे वळवली.

"डॉक्टर बोलले ते तुज आठवतं ना?" तो म्हणाला. "पाय, हात, मान. थोडं थोडं. दर महिन्याला मी मोजतो, अक्का. पेला उचलता येतो का, पान उलटतं का. सगळं थोडं थोडं जातं. मज एक वस्तू अशी हवी होती की जी कमी होणार नाही. एकच. बाकी सगळं शून्य असलं तरी चालेल. आणि तू तिलाही चार गुण, चार गुण..." तो थांबला. श्वास पुरला नाही.

सुंदरीने त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. ती रडत होती आणि काय बोलतेय ते तिलाच कळत नव्हतं. तो तिला थोपटू शकत नव्हता. त्याने फक्त म्हटलं, "पोदुम्, अक्का. पुरे. पाय दुखतात." मग म्हणाला, "ताक आण थोडं."

पुढचे अकरा दिवस ते दोघं भांडले. शाळा सुटली की सुंदरी वही घेऊन खाटेजवळ बसायची आणि तो सांगायचा. एक अट ठरली होती, मारनचा एक गुणही कमी करायचा नाही. त्या अटीखाली सगळंच कोसळत होतं. तिने सुचवलं, बाकीच्यांचे गुण वाढवू. तो म्हणाला, मग तिघंही कधीच हरणार नाहीत, खेळायचं कशास? त्याने सुचवलं, दर शत्रू मारल्यावर मारनची दुष्कीर्ती वाढावी, गावांनी त्याला थारा देऊ नये. तिने दोन दिवस त्यावर घालवले आणि म्हणाली, तू गावात जातच नाहीस, तुज काय फरक पडतो? तो चिडला, "मग तूच सांग, फार हुशार आहेस तर!" अम्मा दारात येऊन बघून जायच्या. भांडणाचा आवाज ऐकून त्यांना बरं वाटत असावं, कारण त्या दिवसांत त्या सुंदरीला पुन्हा कॉफी करून द्यायला लागल्या.

अकराव्या दिवशी त्याला पाणी हवं होतं. सुंदरी आकडे मांडत होती, तिला दोन हाका ऐकूच आल्या नाहीत. तिसऱ्या हाकेला ती दचकून उठली, त्याची मान उचलून पेला ओठांना लावला. पिऊन झाल्यावर तो छताकडे बघत पडला.

"लिही," तो म्हणाला.

"काय?"

"एकहुन्नरी माणूस चुकत नाही. पण तो पहिला हलत नाही. आधी दुसऱ्या कोणीतरी आपल्या फाशाने एक काम साधलं पाहिजे. ढाल धरली, वाट काढली, दोर बांधला, बोलून गुंतवलं, काहीही. ते साधलं की मारनला एक बाण. नाही साधलं तर मारन गप्प बसणार."

सुंदरीची लेखणी थांबली. "रघु, म्हणजे तू दर वेळी..."

"दर वेळी वाट बघायची. पाणी प्यायला बघतोच ना? बाण मारायला बघितली तर काय बिघडलं?" त्याच्या आवाजात कडवटपणा होता, तो त्याने लपवला नाही. "बाण तर चुकणार नाही. लिही."

ती गणित करायला बसली. बाकीच्यांना साधं काम निम्म्याहून थोडं जास्त वेळा साधतं. दोघांतला एक तरी बहुतेक फेऱ्यांत साधणार, पण कोण ते आधी कळणार नाही. प्रत्येकाच्या फाशावर काहीतरी अवलंबून राहणार, कारण त्यामागे न चुकणारा बाण आहे. तिने दोनशे वेळा फासा टाकून पाहिलं. नियम टिकला.

तिने अलमेलूला दुकानात गाठलं. औषधं बांधता बांधता अलमेलूने ऐकून घेतलं आणि विचारलं, "हा कोणी केला?"

"त्यानेच."

अलमेलूने पुडीला दोरा गुंडाळला, गाठ मारली, आणि दोरा दातांनी तोडला. "येते," ती म्हणाली. शामसुंदरने मात्र निरोप पाठवला की त्याला रविवारी टायपिंगची शिकवणी असते. रागाने नव्हे, खरंच होती.

त्या रविवारी गोष्टीत पूर आलेली नदी होती आणि पलीकडच्या काठावर धनुष्यं रोखून उभे असलेले वीस शिपाई. मारनला पलीकडचा प्रत्येक चेहरा दिसत होता. पण अलमेलूने होडी स्थिर करायला फासा टाकला आणि तीन पडले. होडी फिरली. महालिंगने वल्हं धरायला टाकला, पाच पडले. रघूत्तम खुर्चीत घामाघूम झाला होता. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हातात काही नव्हतं.

"अलमेलू," तो म्हणाला, "काहीतरी कर. बुडालो आपण."

"गप्प बस," अलमेलू म्हणाली. ती फासा मुठीत घेऊन हलवत होती, टाकत नव्हती. "मज भीती वाटते."

टाकला. सतरा.

"सावरली!" ती किंचाळली. "होडी सावरली! मार, रघु, मार!"

रघूत्तमने बोटाने फासा पन्हळीत ढकलला. बोट दोनदा घसरलं. कोणी मदत केली नाही, कोणी दुसरीकडे बघितलंही नाही. फासा घरंगळला आणि एक पडला. एक अधिक वीस, एकवीस. पलीकडच्या सरदाराच्या हातातलं निशाण खाली आलं. महालिंग, जो कधी मोठ्याने बोलत नसे, त्याने मेजावर असा हात मारला की कॉफीचा टंबलर उलटला.

तो खेळ पावसाळाभर चालला, दिवाळीनंतर चालला, पोंगलनंतरही चालला. रोग थांबला नव्हता. जानेवारीत मान धरेनाशी झाली, मग रघूत्तम पडूनच खेळायचा. फेब्रुवारीत आवाज इतका बारीक झाला की तो काय म्हणतो ते सुंदरी कान लावून ऐकायची आणि बाकीच्यांना सांगायची. काही रविवारी तो मधेच झोपी जायचा, मग ते तिघं त्याच्या उठण्याची वाट बघत बसायचे. डॉक्टर येऊन जात, दाराबाहेर अम्माशी बोलत. एकदा सुंदरीने त्यांना आत बोलावलं आणि म्हटलं, त्याच्याशी बोला. ते अवघडले, पण खाटेजवळ बसले, बोलले. श्वासाचं सांगितलं. रघूत्तमने डोळे मिटून ऐकून घेतलं.

मार्चच्या एका मंगळवारी सकाळी त्याने तिला खूण करून जवळ बोलावलं. त्याचे डोळे चमकत होते.

"अक्का, भोक सापडलं."

"कसलं भोक?"

"नियमात." प्रत्येक शब्दानंतर तो थांबत होता. "समज, दोघंच आहेत. आणि दोघंही एकहुन्नरी. तिसरं कोणी नाही."

ती विचार करू लागली आणि मग तिच्या लक्षात आलं. दोघांनाही आधी दुसऱ्याचं काम साधायला हवं. पहिला हलणार कोण?

"दोघंही बसून राहतील," रघूत्तम म्हणाला. तो हसत होता, म्हणजे हसण्याइतकं तोंड हलवत होता. "जन्मभर. मी केलेला नियम. इतके महिने कोणाच्या लक्षात आलं नाही."

"आपण नीट करू," ती म्हणाली. "आतां निज. रविवारी सगळ्यांसमोर करू."

शुक्रवारी पहाटे त्याचा श्वास थांबला. सुंदरी शेजारीच होती. अम्माही होत्या. काही करण्यासारखं नव्हतं, दोघींनी त्याचे हात धरून ठेवले.

सुतकाचे दिवस झाल्यावर पहिल्या रविवारी दुपारी अलमेलू आणि महालिंग आले. कोणी बोलावलं नव्हतं. फासे कोणी काढले नाहीत. थोडा वेळ रघूत्तमबद्दल बोलणं झालं, मग तेही संपलं. सुंदरीला तेव्हा ते भोक आठवलं आणि तिने ते सांगितलं, कारण दुसरं काही सांगायला नव्हतं. अलमेलू लगेच म्हणाली, मग फासा टाकून ठरवावं, पहिला कोण. सुंदरी म्हणाली, पहिला ठरला तरी त्याला आधी दुसऱ्याचं यश लागतंच. महालिंग म्हणाला, एकदाच विनाअट हलू द्यावं. अलमेलू म्हणाली, मग प्रत्येक जण तसंच एकदा मागेल. ते वाद घालू लागले. तमिळमध्ये, आवाज चढवून, वहीवर आकडे मांडत. सुंदरीला रघूत्तमचा आवाज दर दोन वाक्यांनी ऐकू येत होता, आणि येत नव्हता, आणि ती बोलत राहिली.

मीनाक्षीबाई कॉफी घेऊन आल्या. इतक्या वर्षांत त्यांनी कधी त्या खेळाबद्दल विचारलं नव्हतं. आज त्या परत गेल्या नाहीत. पदर सावरून जमिनीवर बसल्या आणि ऐकत राहिल्या.

"मग त्या दोघांनी करावं काय?" त्यांनी विचारलं.

सुंदरीने वही त्यांच्यासमोर सरकवली.